जुना टॅब, पण पक्क्या बिलाचा : नव्या पेठेतल्या एका दुकानाबद्दल

सोलापुरात सेकंडहँड टॅब घ्यायचा विचार असेल आणि तुम्ही हॉस्टेलला राहणारे, वस्तीवरनं आलेले, घरातले पहिलेच कॉलेजात गेलेले असाल तर हे तुमच्यासाठी लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालतंय पण त्यांना यातल्या निम्म्या गोष्टी फालतू वाटतील, त्यांना रॅम किती आणि कॅमेरा किती मेगापिक्सेलचा एवढंच बघायचं असतं.

दुकान नव्या पेठेत, मोबाईल रिपेअरवाल्यांच्या बोळात. दुकान कसलं, दहा बाय आठचा गाळा, पुढं काचेचं काउंटर, त्यात जुने मोबाईल पालथे घालून ठेवलेले, मागं एक पोरगा भिंग लावून सोल्डरिंग करत बसलेला. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. फोनवर घरच्यांशी कन्नड, सोल्डरिंगवाल्या पोराशी तेलुगू, गिऱ्हाइकाशी मराठी नाहीतर हिंदी, आणि चिडले की चारी एकदम. सोलापुरात यात नवल काय नाही म्हणा.

मी घेतला तो टॅब दहा इंची, सिमवाला, चार जीबी रॅम, चौसष्ट जीबी मेमरी, एका कोपऱ्यात बारीक पोचा आणि कॅमेऱ्याच्या काचेवर चरा. अण्णांनी साडेआठ सांगितले, मी पाच म्हणलं, "ताई, पाचात कव्हर येतं" म्हणाले, शेवटी सहा हजार आठशेला तुटलं. माझी स्कॉलरशिप जमा झाली त्यातनं अर्धे आणि मामाने अर्धे घातले. टॅब खरं तर माझ्यासाठी नाही, धाकट्या भावासाठी, तो दहावीला आहे आणि मोहोळ तालुक्यात आमच्या वस्तीवरच राहतो. मी सुट्टीला गेले की मीही वापरते.

दुकानाला पाचात साडेचार, टॅबला साडेतीन. आता का ते सांगते.

सगळ्यात आधी बिल, कारण दुकानाला एवढे स्टार बिलामुळंच आहेत. आम्ही फासेपारधी. इंग्रजांनी १८७१ ला कायदा करून जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, सोलापुरात तारेचं कुंपण घालून सेटलमेंट, म्हणजे ह्या जमातींना कोंडून ठेवायची वसाहत, बसवली, आजही रिक्षावाल्याला नुसतं सेटलमेंट म्हणलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. कायदा गेला पण नजर गेली नाही, आमच्या पोराच्या हातात पाच-दहा हजाराची वस्तू दिसली की पहिला प्रश्न "कुठनं आणला?" असाच असतो, कितवीला आहेस, काय शिकतोस हे नंतर, तेही विचारलं तर. डिजिटल शिक्षणाबद्दल एवढे लेख येतात, त्यात नेटवर्क, डेटा, वीज सगळं असतं, पण आदिवासी पोराने टॅब हातात घेऊन एसटीतनं उतरायचं कसं हे मी तरी कुठं वाचलं नाही.

म्हणून मी दुकानात गेल्या गेल्या वॉरंटी नाही विचारली, बिल देता का ते विचारलं. आधीच्या दोन-तीन दुकानांत "सेकंडहँडला कसलं बिल ओ" म्हणून हसले, एकाने चिठ्ठीवर नुसता आकडा लिहून दिला. अण्णांनी पावतीपुस्तक काढलं, मॉडेल लिहिलं, दोन्ही आयएमईआय, म्हणजे सिमवाल्या मोबाईल-टॅबचे ओळख नंबर, लिहिले, भावाचं पूर्ण नाव आणि गावाचं नाव लिहिलं, माझ्या आधारची झेरॉक्स मागून घेतली, शिक्का मारून सही केली. वर म्हणाले, विकणाऱ्याचंपण आधार माझ्याकडं फाईलला आहे, कुणी विचारलं तर माझा नंबर द्या. मला तिथंच रडू यायचं बाकी होतं, पण पैसे मोजत होते.

आणि त्याआधी त्यांनी स्वतःहून चेक करून दाखवलं. हे सगळ्यांनी करावं. इंग्रजीत केवायएम लिहून स्पेस द्यायची, पुढं पंधरा आकडी आयएमईआय टाकायचा आणि १४४२२ ला मेसेज पाठवायचा, तो नंबर ब्लॅकलिस्टला आहे का, दुसरीकडं वापरात आहे का ते उत्तर येतं. सरकारच्या संचार साथी साईटवरपण होतं. चोरीची तक्रार होऊन ब्लॉक केलेला मोबाईल असेल तर तिथं कळतं. एक लक्षात ठेवा, नुसत्या वायफायवर चालणाऱ्या टॅबला आयएमईआय नसतोच, तिथं सिरीयल नंबर बिलावर लिहून घ्या. मी मुद्दाम सिमवाला घेतला त्यातलं एक कारण हेच.

बिलाचा फोटो भावाच्या टॅबमध्ये, माझ्या मोबाईलमध्ये आणि मामाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर असा तीन ठिकाणी आहे, मूळ बिल आईने पत्र्याच्या पेटीत रेशनकार्डाबरोबर ठेवलंय. आणि ते लागलंच. भाऊ क्लासवरनं मोटरसायकलवर मागं बसून येत होता, रात्रीची नाकाबंदी होती, दप्तर उघडायला लावलं, टॅब निघाला. त्याने बिल दाखवलं, त्यांनी टॅबवरचा नंबर आणि बिलावरचा नंबर ताडून बघितला, अण्णांना फोनपण लावला म्हणे रात्री साडेनऊला, आणि सोडून दिलं. पोरगा घरी येऊन जेवला आणि झोपला, एवढंच. मागं असल्याच कारणावरनं आमच्या एका नात्यातल्या पोराला रात्रभर बसवून ठेवलेलं, त्याच्याकडं मोबाईलचं बिल नव्हतं, मोबाईल त्याचा स्वतःचा होता.

आता टॅबबद्दल. अण्णांकडचे बरेचसे टॅब कुठल्या ना कुठल्या ऑनलाइन क्लासवाल्यांनी पोरांना दिलेले, कोर्स संपला किंवा क्लासच बंद पडला आणि लोकांनी विकून टाकले असे आहेत. त्यात एक लफडं असतं, टॅब चालू केला की त्या क्लासचंच अ‍ॅप उघडतं, त्याच्या बाहेर जाताच येत नाही, ब्राउझर नाही, प्ले स्टोअर नाही. असला लॉकवाला टॅब चारपाच हजारात रस्त्यावरपण मिळतो आणि बरेच जण फसतात. अण्णांनी मला दिला तो नीट उघडलेला, रीसेट करून माझ्यासमोर नवीन अकाउंट टाकून दिला. घेताना जुन्या मालकाचं गुगल अकाउंट निघालंय ना ते तुमच्या डोळ्यांनी बघा, नाहीतर घरी जाऊन रीसेट केला की जुना पासवर्ड मागत बसतो.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच. अण्णांनी विचारलं, वस्तीवर रेंज कशी आहे. म्हणलं, लिंबाखाली येते, घरात येत नाही. तर म्हणाले मग टॅब आज नेऊ नका, उद्या या, मी भरून ठेवतो. दुसऱ्या दिवशी गेले तर मेमरी कार्डात बालभारतीची दहावीची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये, बोर्डाच्या मागच्या प्रश्नपत्रिका, आणि दीक्षा अ‍ॅप टाकून त्यात गणित-विज्ञानाचे धडे दुकानाच्या वायफायवरनं डाऊनलोड करून ठेवलेले. पुस्तकं तशीपण ई-बालभारतीवर फुकटच आहेत आणि दीक्षापण सरकारचंच, २०१७ पासनं आहे, त्यात डाऊनलोड केलेलं नंतर नेटशिवाय चालतं. म्हणजे अण्णांनी विकत घेऊन काय दिलं नाही, पण त्यांचा डेटा आणि त्यांचा वेळ गेला ना, आणि त्याचे त्यांनी शंभरच घेतले. जुलै २०२४ ला सगळ्या खासगी कंपन्यांनी रिचार्ज वाढवले तेव्हापासनं आमच्या वस्तीवर महिन्याचा रिचार्ज ही किराण्याच्या यादीतली वस्तू झालीय, तेल कमी आणायचं का डेटा, असा हिशोब चालतो. दिवसाच्या दीड जीबीत चार पोरांचे व्हिडिओ बसत नाहीत.

दीक्षाचं एक सांगते जे आमच्या भावाने शोधून काढलं. पुस्तकातल्या धड्यावर क्यूआर असतो, तो स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ उघडतात. आमच्या टॅबच्या कॅमेऱ्यावर चरा आहे त्यामुळं स्कॅन व्हायचाच नाही, संध्याकाळी तर अजिबात नाही. मी म्हणलं परत देऊ, कॅमेरा बदलून घेऊ. दोन दिवसांनी त्याचा फोन, अक्का, क्यूआरखाली सहा अक्षरांचा कोड छापलेला असतो, तो टाईप केला तरी तोच धडा उघडतो, कॅमेरा राहू दे. मी कॉलेजात जाते, मला ते माहीत नव्हतं आणि ह्याने अंधारात बसून काढलं. आता वस्तीतली बारकी पोरं आपापली पुस्तकं घेऊन त्याच्याकडं येतात आणि कोड वाचून दाखवतात, त्यात इंग्रजी अक्षरं असतात त्यामुळं तिसरीतल्यांचीपण इंग्रजी अक्षरं पाठ व्हायला लागली.

ह्या क्यूआरचं सोलापूरकरांना जरा जास्त कौतुक असावं. आपल्याच माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकांना क्यूआर लावायला सुरुवात केली, पुढं राज्यभरच्या पुस्तकांत आले, आणि २०२० ला गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ जणांना वाटले. आमच्या वस्तीवर टीव्हीवर बातमी बघितलेली मला आठवतेय, तेव्हा लॉकडाऊनमुळं शाळा बंद होत्या आणि वस्तीत धड चालणारा एकच स्मार्टफोन होता, तोपण मामाचा, मामा कामावर गेला की शाळा गेली.

तेव्हापासनं जे बघत आलेय त्यामुळं मला एक गोष्ट पक्की कळलीय, आमच्या पोरांना टेक्नॉलॉजी जमत नाही हे साफ खोटंय. दुकानातल्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाने माझ्यासमोर म्हणलं, "ह्यांच्या पोरांना काय कळणार यातलं." अण्णा काय बोलले नाहीत, मीपण नाही. पण सांगू का, माझ्या भावाने पहिल्या आठवड्यात टॅब स्लो चालतोय म्हणून डेव्हलपर ऑप्शन चालू करून अ‍ॅनिमेशन बंद केलं, टॅब खरंच जरा पळायला लागला. आमच्या चुलतीला लिहिता वाचता येत नाही, ती माईकचं चिन्ह दाबून बोलून यूट्यूबवर ब्लाऊजचे गळे शोधते आणि शिवते, सासूने मागितलं तर जुनी गाणीपण काढून देते. शिकवायला कुणी आलं नव्हतं.

असर म्हणून खेड्यापाड्यातल्या शिक्षणाचं सर्वेक्षण असतं, त्याचा २०२४ चा अहवाल बघा, ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या पोरांचा. स्मार्टफोन वापरता येतो असं ८२ टक्के पोरं सांगतात. त्यांच्यातल्या ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. स्वतःचा फोन मात्र ह्या वापरता येणाऱ्यांतल्याच ३६.२ टक्के पोरांकडं आणि २६.९ टक्के पोरींकडं. मला ह्या शेवटच्या दोन आकड्यांत सगळं दिसतं. आमच्या वस्तीवर तर मोबाईल हा बापाचा नाहीतर भावाचा, पोरीला मिळाला तर रात्री, तोपण पाच टक्के बॅटरी राहिल्यावर. म्हणून टॅब देताना मी भावाला सांगून टाकलं, बिल तुझ्या नावाचं असलं तरी सात ते साडेआठ टॅब पोरींकडं, भांडण नको. पाळतो बऱ्यापैकी. मॅच असली की नाही पाळत.

एका टॅबवर घरातली चार आणि शेजारची तीन-चार अशी पोरं असतात, तेव्हा दहा इंची स्क्रीन कामाला येते, मोबाईलवर दोनच डोकी मावतात. बारक्यांसाठी वेगळा युजर करून दिलाय म्हणजे दहावीच्या फाईली कुणी उडवत नाही. आवाज मात्र बारीक आहे, एक स्पीकर गेलेला असावा, पत्र्यावर पाऊस लागला की काय ऐकू येत नाही.

बॅटरीचं सांगते, इथं दीड स्टार कापलाय. दुकानात शंभर टक्के दाखवली आणि घरी गेल्यावर व्हिडिओ बघत तीन-साडेतीन तासात संपायला लागली. विचारलं तर अण्णा म्हणाले जुन्या मालाला एवढंच चालतंय. मग बॅटरी बदलून घेतली तर हजार घेतले आणि ती कंपनीची नाही, लोकल आहे, हे मला सोल्डरिंगवाल्या पोराने हळूच सांगितलं, अण्णांनी नाही. आता पाच तास जाते. आमच्याकडं चार्जिंग म्हणजे गिरणीत, गिरणीवाले काका दळण चालू असेपर्यंत लावू देतात, नाहीतर पॉवरबँक.

आणि ऊन. सोलापूरचा एप्रिल-मे म्हणजे चाळीसच्या खाली पारा यायचं नाव नाही, बेचाळीस त्रेचाळीस होतंच, आणि वरनं पत्र्याचं घर. दुपारी टॅब चार्जिंगला लावला की तापतो आणि चार्जिंगच थांबवतो, तसा मेसेज येतो स्क्रीनवर. तो बिघाड नाही, बॅटरी फुगू नये म्हणून थांबतं, पण पोरं घाबरून मला फोन करतात. आईने उपाय काढलाय, टॅब माठाच्या तिवईखाली ठेवायचा, माठ पाझरतो तिथनं जरा लांब, तिथं गार असतं. तापलेला असताना ओल्या फडक्यात वगैरे गुंडाळू नका, एकाने तसं करून स्क्रीन घालवली.

भाषेचं म्हणाल तर घरात आम्ही आमची पारधी बोली बोलतो, गुजराती-राजस्थानीच्या अंगाने जाणारी. पहिलीतल्या पोराला मराठीच नवीन असते, मग अ‍ॅपमधली पुस्तकी मराठी तर आणखी लांबची. आजीने माईकवर आमच्या बोलीत काय विचारलं की टॅब भलतंच मराठी लिहून दाखवतो, पोरं हसून लोळतात. आदिवासी मंत्रालयाने २०२५ ला आदिवाणी म्हणून भाषांतराचं अ‍ॅप आणलंय, सुरुवातीला संथाली, भिली, मुंडारी आणि गोंडी, चांगलंच आहे, आमची बोली त्यात नाही. म्हणून भाऊ आता एक करतो, विज्ञानाचा धडा आधी स्वतः बघतो आणि मग आमच्या बोलीत सांगून टॅबवरच रेकॉर्ड करून ठेवतो, बारकी पोरं ते लावून ऐकतात. प्रकाशाचं परावर्तन त्याने पारध्याच्या फाशावर चमकणाऱ्या दोरीचं उदाहरण देऊन समजावलंय, चूक का बरोबर ते सरांनी ठरवावं, पोरांना कळलंय.

अण्णांच्या दुकानातच एका कोपऱ्यात त्यांची पुतणी ऑनलाइन फॉर्म भरते, त्याबद्दलपण लिहिते कारण हॉस्टेलची पोरं जास्त त्यासाठीच जातात. महाडीबीटी ह्या सरकारी साईटवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म म्हणजे आमच्यासाठी वर्षातली सगळ्यात मोठी ऑनलाइन परीक्षा. आधारला जोडलेला नंबर चालू पाहिजे, बँक खातं आधारला जोडलेलं पाहिजे, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आणि कॉलेजात नाव एक, आधारला नाव दुसरं असं असेल तर झालंच. आमच्यात नंबर टिकत नाहीत, बाप पुण्याला कामाला गेला, रिचार्ज संपला, तीन-चार महिने गेले की नंबर बंद आणि दुसऱ्याला दिला जातो, मग ओटीपी कुठल्या परक्या माणसाला जातो देव जाणे. नंबर बदलायला परत आधार केंद्रावर जाऊन अंगठा द्यावा लागायचा, तो अंगठा कष्ट करून झिजलेला, तो उठायचा नाही.

आमच्या वस्तीतल्या एका पोरीचा फॉर्म दुसऱ्या एका सेंटरवाल्याने स्वतःच्या मोबाईल नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर भरला होता, पासवर्ड त्याच्याकडंच. पुढच्या वर्षी ती गेली तर सेंटर बंद. वर्ष गेलं तिचं. अण्णांची पुतणी पहिलं काम करते ते म्हणजे तुमच्याच मोबाईलमध्ये तुमचंच ईमेल काढून देते आणि पासवर्ड तुमच्याच वहीत तुमच्या हाताने लिहायला लावते, स्वतः बघत नाही, तोंड फिरवते. ऐंशी रुपये घेते फॉर्मचे, झेरॉक्स वेगळी. कागदं स्कॅन करून सरकारच्या डिजीलॉकरला आणि गुगल ड्राइव्हला कशी टाकायची ते शिकवते, पुढच्या वर्षी मी माझा फॉर्म स्वतःच भरला, मग तिचं गिऱ्हाईक कमी झालं म्हणून ओरडलीपण.

कागदांवरनं आठवलं. अनुसूचित जमातीचा दाखला काढताना ६ सप्टेंबर १९५० च्या आधी कुटुंब महाराष्ट्रातच राहत होतं याचा पुरावा मागतात. आमच्या पणजोबाचा १९५० च्या आधीचा सरकारी कागद असलाच तर तो पोलिसांच्या रजिस्टरातला. कुठल्या ड्राइव्हवर अपलोड करू ते.

टॅबबद्दल अजून एक, कारण मला बरेच जण विचारतात की सरकार फुकट देतंय तर विकत कशाला घेतलास. महाज्योती ही राज्य सरकारची संस्था टॅब देते, जेईई-नीट-सीईटीच्या तयारीला, रोज सहा जीबी डेटासकट, पण ते ओबीसी, भटक्या-विमुक्त आणि विशेष मागासवर्गाच्या पोरांना. राजपारधी आणि पालपारधी विमुक्तांच्या यादीत आहेत, फासेपारधी अनुसूचित जमातीत. म्हणजे एकाच भाकरीला बसलेले दोन मावसभाऊ, एकाला तो टॅब मिळू शकतो आणि दुसऱ्याला त्या योजनेत अर्जच करता येत नाही. जो पात्र आहे त्याने नक्की भरा, टॅब चांगला आहे, मी मैत्रिणीचा बघितलाय. जो नाही त्याने फॉर्मवर चुकीची खूण करून वेळ घालवू नका, पडताळणीत अडकतं आणि नंतर दाखल्याचाच घोळ होतो.

तक्रारी राहिल्यात त्या पटापट. बरोबर दिलेला चार्जर भंगार होता, आठवड्यात गेला, दुसरा मागितला तर निम्मे पैसे मागितले. वॉरंटी तोंडी एक महिना म्हणतात, बिलावर लिहून देत नाहीत, मी मागून मागून पेनाने लिहून घेतली. कव्हरचे अडीचशे म्हणजे लूट आहे, तेच कव्हर बाहेर मंगळवारच्या बाजारात दीडशेला होतं. अण्णांचं तोंडपण जरा तिखट, गर्दी असली की "घेणार असला तर थांबा" म्हणतात, गड्ड्याच्या जत्रेच्या, म्हणजे जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत तर जाऊच नका, आख्खा जिल्हा सोलापुरात असतो आणि अण्णा कुणालाच उभं करत नाहीत. ऑनलाइन पैसे चालतात पण स्कॅनरवर नाव दुसऱ्याचं येतं, त्यामुळं बिलावर कसे दिले ते लिहून घ्या.

जाणाऱ्यांनी अकराच्या आधी जाऊ नका, शटर अर्धंच असतं. दोन जीबी रॅमवाला साडेतीन हजाराला दाखवतील, घेऊ नका, त्यावर दीक्षा उघडेपर्यंत पोरं झोपतात. तीन जीबीवर भागतं, पण ज्याला ऑनलाइन टेस्ट द्यायच्या आहेत त्याने चारच घ्यावी. व्हिडिओ अर्धा तास चालवून बॅटरी किती उतरते ते तिथंच बसून बघा, अण्णा चहा मागवतात. आणि बिल लिहिताना आयएमईआय सेटिंगमधनं उघडून तुम्ही एकेक आकडा वाचा आणि ते लिहितात का बघा, माझ्या बिलावर पहिल्यांदा एक आकडा चुकला होता, पावती फाडून दुसरी लिहायला लावली. चिडले, पण दिली.